साधारणपणे रहिवासी

सरकारी नोकरीत मी तीस वर्षं एकच काम केलं. इंग्रजीतून आलेलं परिपत्रक मराठीत करायचं आणि ते मराठीतही कुणाला कळणार नाही याची काळजी घ्यायची. यातला दुसरा भाग आपोआप होत असे. पहिल्या भागात मला सगळ्यात जास्त कुणी छळलं असेल, तर ‘माणूस कुठला’ हे सांगणाऱ्या शब्दांनी. रेसिडेंट, इन्हॅबिटंट, नेटिव, लोकल, डेनिझन, सिटिझन, सेटलर, डोमिसाइल्ड... एका परिच्छेदात चार-चार यायचे आणि चौघांचे चेहरे सारखे. आमच्या साहेबांकडे यावर एकच औषध होतं. “अहो, सगळ्यांना रहिवासी करा आणि जेवायला चला.”

मी केलं. आठ शब्दांचा एक शब्द केला आणि जेवायला गेलो. पण निवृत्तीनंतर माणसाला जेवायचीही घाई उरत नाही. त्यात समोर एक फॉर्म आला. त्यात दोन चौकटी होत्या : ‘सध्याचा पत्ता’ आणि ‘कायमचा पत्ता’. सध्याच्या पत्त्यावर, म्हणजे कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, मी चौतीस वर्षं राहतोय. कायमच्या पत्त्यावर, म्हणजे देवगड तालुक्यातल्या आमच्या घरी, मी वर्षातून पाच दिवस राहतो, तेही गणपती असतात म्हणून. उरलेले तीनशे साठ दिवस तिथे कुलूप राहतं. कुलपाची किल्ली शेजारच्या भाऊंकडे आणि फणस माकडांकडे. तरी ‘कायमचा’ म्हणून मी लिहिलं तेच घर, आणि लिहिताना हात जराही थबकला नाही. तेव्हा मनात आलं, साहेबांचं औषध चुकलंच. ते आठही शब्द मग मी पापडांसारखे एकेक करून उन्हात घातले.

पहिला हातात आला तो ‘नेटिव’, कारण तो आपल्याच घरातला. मुंबईत अर्ध्या चाळी मे महिन्यात ‘नेटिवला’ जातात. ‘नेटिव प्लेस’ हा जोडशब्द आपण इतका सफाईनं वापरतो की तो इंग्रजांनीच शिकवला असावा असं वाटतं. प्रत्यक्षात इंग्रज माणूस त्याच्या गावाला होमटाउन म्हणतो आणि स्वतःला नेटिव म्हणवून घ्यायला फारसा राजी नसतो. हा शब्द त्यानं निर्यातीसाठी काढून ठेवला होता. मुळात लॅटिन अर्थ एवढाच की जो जिथे जन्मला तो तिथला. पण बोटीतून उतरून सोजिरानं तो उच्चारला की अर्थ व्हायचा, ‘ज्याच्या देशात आपण आलोय तो बिचारा’. खुद्द इंग्लंडमध्ये हा शब्द कौतुकानं कुणाला लावतात म्हणाल, तर कालवांना. कोल्चेस्टरची ‘नेटिव’ कालवं भाव खाऊन विकली जातात. शिंपल्यात राहिलं तर मान, घरात राहिलं तर अपमान.

आपले लोकही काही कमी नव्हते. १८६४ साली विश्वनाथ नारायण मंडलिकांनी मुंबईत वर्तमानपत्र काढलं, तर त्याचं नावच ठेवलं ‘नेटिव ओपिनियन’. तुम्ही ज्याला हिणवून नेटिव म्हणता त्याला मतही असतं, हे मथळ्यातच सांगून टाकलं. वर्गणी परवडली नाही तरी उत्तर फुकट वाचता येत होतं.

या नेटिवाच्या शेजारी ‘रेसिडेंट’ ठेवून बघा, म्हणजे गंमत कळेल. इंग्रजांचा पहिला रेसिडेंट पुण्यात आला १७८६ साली, चार्ल्स मॅलेट. १८११ पासून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. मुळा-मुठेच्या संगमावर त्यांचा बंगला, त्याला रेसिडेन्सी म्हणायचं. म्हणजे त्या काळात कुणी इंग्रजीत पुण्याचा रेसिडेंट विचारला असता, तर शनिवारवाडा, कसबा, सोमवार, सगळ्या पेठा ओलांडून त्याला नदीकाठच्या त्या एकट्या साहेबाकडे पाठवावं लागलं असतं. पिढ्यान्‌पिढ्या राहणारे लाखभर लोक रेसिडेंट नव्हेत, ते नेटिव. नदीकाठी नोकरीपुरता आलेला माणूस मात्र रेसिडेंट. या शब्दाचं लॅटिन मूळ ‘बसून राहणे’ असं आहे. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, रेसिडेन्सी जळाली, तरीही साहेब बसलेलाच राहिला. उठले ते पेशवे.

तेव्हापासून मला एक नाद लागला. शब्द आला की आधी बघायचं, तो कोण कुणाला म्हणतोय.

माझा पुतण्या न्यू जर्सीत असतो. गेला तेव्हा तिकडच्या कायद्याच्या भाषेत ‘नॉन-इमिग्रंट’ होता. म्हणजे आला होता, पण आलेला नव्हता. मग ग्रीन कार्ड मिळालं. वहिनींनी पेढे वाटले. पुतण्यानं फोनवर सांगितलं, “काका, आता इथल्या टॅक्सच्या हिशेबात मी रेसिडेंट एलियन.” वहिनींना ‘एलियन’ म्हटलं की सिनेमातला तो हिरवा, मोठ्या डोळ्यांचा प्राणीच आठवतो, त्यामुळे त्यांनी पेढ्यांबरोबर फक्त ‘रेसिडेंट’ एवढंच वाटलं. आणि त्याच दिवशी, त्याच क्षणी, पुण्याच्या बँकेतल्या त्याच्या खात्यावर शिक्का होता ‘नॉन-रेसिडेंट इंडियन’. एकाच मुलाला एक देश म्हणतोय राहतोस पण आमचा नाहीस, दुसरा म्हणतोय आमचा आहेस पण राहत नाहीस. लग्नानंतर मुलगी सासर आणि माहेर यांच्यामध्ये जितकी लोंबकळत नाही तितका तो पोरगा दोन फॉर्मांच्या मध्ये लोंबकळला. पुढे तो तिकडचा नागरिक झाला, आणि आपल्या सरकारनं त्याला ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ केलं. नावात सिटिझन आहे. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, पासपोर्ट भारताचा नाही. पण सिटिझन. आमच्या साहेबांनी याचंही ‘रहिवासी’ केलं असतं, आणि तेवढंच नेमकं तो नाही.

आयकराच्या कायद्यानं तर याच्यावर कळस केलाय. तिथे वर्षात १८२ दिवस ही मुख्य मोजपट्टी आहे. रेसिडेंट आणि नॉन-रेसिडेंट यांच्यामध्ये तिथे एक तिसरी जात आहे : ‘रेसिडेंट बट नॉट ऑर्डिनरिली रेसिडेंट’. रहिवासी, पण साधारणपणे रहिवासी नसलेला. हे मराठीत आणताना माझी एक पूर्ण दुपार गेली होती. संध्याकाळी घरी येऊन बघतो तर आमचे चिरंजीव सोफ्यावर कानात बोंडं घालून बसलेले. हाक मारली, ओ नाही. तेव्हा मला त्या कलमाचा अर्थ एकदम लख्ख कळला.

आता ‘डोमिसाइल’. आपल्याकडे हे कागदाचं नाव आहे. महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचे पुरावे जोडायचे आणि डोमिसाइल काढायचं, दाढ काढतात तसं. एका कचेरीत माझ्या मुलाचं डोमिसाइल काढताना मला विचारलं होतं, “तो पंधरा वर्षं इथे राहिला याला पुरावा काय?” मुलगा समोर उभा होता, सतरा वर्षांचा, पुणेरी उर्मटपणानं ओतप्रोत. माझ्या मते तोच पुरावा होता. त्यांना शाळेचा दाखला हवा होता.

इंग्रजांच्या कायद्यात मात्र डोमिसाइल म्हणजे कागद नव्हे, ते मनात असतं. माणसाला जन्मतः एक ‘मूळचं’ डोमिसाइल चिकटतं. ते सुटायला दुसरीकडे राहून भागत नाही, तिथेच कायम राहायचा इरादा लागतो. आता इरादा कुणाचा कोण ठरवणार? तर त्या काळचं तिथलं सर्वोच्च न्यायालय, हाउस ऑफ लॉर्ड्स. यावरचे दोन खटले वाचताना मी एकटाच इतका हसलो की बायकोनं आतून विचारलं, “पेन्शन वाढली का?”

पहिला खटला विल्यम लुई विनन्स या अमेरिकन माणसाचा. रशियात रेल्वेच्या कामात त्यानं बख्खळ पैसा केला. छाती नाजूक, डॉक्टर म्हणाले ब्रायटनची हवा बरी. म्हणून १८६० च्या सुमाराला इंग्लंडात आला आणि १८९७ मध्ये मरेपर्यंत त्याचा मुक्काम मुख्यतः तिथेच राहिला. सदतीस वर्षं! मेल्यावर सरकार म्हणालं, हा इथलाच, वारसाकर भरा. वारस म्हणाले, छे छे, ते तर परत जाणार होते. चौकशीत निघालं ते असं की या गृहस्थाला इंग्लंड मनापासून आवडत नव्हतं. आयुष्यभर त्याच्या डोक्यात एकच बेत, सिगारच्या आकाराची जहाजं बांधायची, अमेरिकेत बाल्टिमोरला त्यांच्यासाठी गोद्या उभारायच्या आणि समुद्रावरचं इंग्रजांचं वर्चस्व मोडून काढायचं. हे सगळं तो ब्रायटनच्या समुद्राकडे बघत, इंग्रज डॉक्टरांचं औषध घेत योजत होता. १९०४ साली लॉर्डांनी बहुमतानं निकाल दिला : इंग्लंडचा इतका मनापासून तिटकारा करणारा माणूस इंग्लंडचा झाला असं म्हणता येणार नाही. कर माफ.

आपल्याकडे पाहुणा ‘येतो हं’ म्हणून उठतो आणि मग दारात उभा राहून तासभर बोलतो. विनन्ससाहेब सदतीस वर्षं दारात उभे होते, एवढाच फरक. पण निकाल वाचून मला कितीतरी माणसं आठवली. पुण्यात तीस वर्षं राहून, इथलं पाणी पिऊन, इथल्या दुकानदारांबद्दल रोज न चुकता वाईट बोलणारे आमचे नागपूरचे शेजारी कायद्यानं अजून नागपूरचेच आहेत, हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “मग मी काय सांगून राहिलो इतके दिवस?”

दुसरा खटला याहून सरस. जॉर्ज बोवी, ग्लासगोचा. सदतिसाव्या वर्षी नोकरी सोडली आणि पुन्हा केलीच नाही. आधी आईच्या आणि बहिणींच्या जिवावर राहिला, मग १८९२ मध्ये लिव्हरपूलला भावाच्या घरी आला आणि १९२७ पर्यंत तिथेच. आई वारली, तर तिच्या अंत्यविधीलाही ग्लासगोला गेला नाही. स्वतःच्या दफनाची जागासुद्धा लिव्हरपूललाच ठरवून ठेवली होती. पण लोकांना सांगायचा काय, तर ‘मी ग्लासगोचा’, आणि पेपर मागवायचा ग्लासगोचा. त्याचं मृत्युपत्र साक्षीदारांशिवाय लिहिलेलं होतं, म्हणजे स्कॉटलंडच्या कायद्यानं चालणारं, इंग्लंडच्या कायद्यानं रद्दी. तेव्हा तो मरताना कुठला होता, हे ठरवणं भाग पडलं. १९३० मध्ये लॉर्डांनी ठरवलं, ग्लासगोचाच. लिव्हरपूल त्यानं निवडलं नव्हतं. भावाच्या घरी जेवण मिळत होतं आणि उठून कुठे जायचा त्याला कंटाळा होता, एवढंच.

आळसाला इतकी प्रतिष्ठा जगातल्या दुसऱ्या कुठल्या न्यायालयानं दिली असेल असं मला वाटत नाही. आणि हा बोवी म्हणजे कोण, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. चाकरमानी! फक्त चाकरी न केलेला. आमचा चाकरमानी निदान गणपतीला तरी गाडीला लोंबकळून जातो, हा पठ्ठ्या आईला पोचवायलाही गेला नाही, तरी हाउस ऑफ लॉर्ड्सनं त्याला गाववाला म्हणून मान्य केलं. ‘चाकरमानी’ला इंग्रजीत शब्द नाही याचं मला नेहमी वाईट वाटे. मायग्रंट म्हटलं तर तो गेलेला, एक्सपॅट म्हटलं तर तो गोरा. शब्द नसेल, पण निकाल आहे, हे कळल्यावर बरं वाटलं.

कायद्याबाहेर तर इंग्रज याहून काटेकोर. केंट परगण्यात मेडवे नावाची नदी आहे. तिच्या पूर्वेला जन्मला तो ‘मॅन ऑफ केंट’ आणि पश्चिमेला जन्मला तो ‘केंटिश मॅन’. दोन्हींचं मराठी ‘केंटचा माणूस’. ही चूक तिथल्या पबमध्ये केली तर काय होईल, ते डेक्कनवर राहणाऱ्यानं शनिवार पेठेत जाऊन ‘मीही पुण्याचाच’ म्हणून बघावं, म्हणजे अनुभव येईल. लंडनला नदीऐवजी घंटा आहे. चीपसाइडच्या सेंट मेरी-ल-बो चर्चच्या घंटा ऐकू येतील एवढ्या टापूत जन्मलेला तोच खरा कॉकनी. मे १९४१ मध्ये जर्मन विमानांनी ते चर्च उद्ध्वस्त केलं आणि घंटा पुन्हा वाजल्या १९६१ मध्ये. नियम शब्दशः धरला तर मधली वीस वर्षं कॉकनींचं उत्पादन बंद होतं. त्या काळात जन्मलेली पोरं स्वतःला काय म्हणवून घेत असतील कोण जाणे! आमचे सासरे सदाशिव पेठेतले. मी कोथरूडहून फोन केला की शेवटपर्यंत त्यांचा पहिला प्रश्न असायचा, “मग, पुण्याला कधी येताय?”

‘डेनिझन’ हा मात्र मला सगळ्यात लाडका. आपल्या इंग्रजी वर्तमानपत्रांचाही. पाणी आलं नाही की ‘डेनिझन्स ऑफ कोथरूड’ संतापतात. वाचणाऱ्याला वाटतं, डबक्यातले बेडूक संतापलेत, कारण इंग्रजीत आता हा शब्द माणसांपेक्षा खोल समुद्रातल्या जीवांना आणि गुहेतल्या श्वापदांनाच जास्त शोभतो. मूळ अर्थ ‘आतला’. इंग्लंडच्या राजानं फर्मान देऊन परक्याला अर्धवट आत घेतलं की तो डेनिझन व्हायचा. जमीन घेऊ शकायचा, पण १७०१ च्या कायद्यानं पार्लमेंटचं दार त्याला बंद. म्हणजे आमच्या पुतण्याच्या कार्डाचा तीनशे वर्षांपूर्वीचा चुलतभाऊ. आणि ‘सिटिझन’मधला तो झ त्यानं बहुधा या डेनिझनकडूनच उचलला असावा, असं कोशकार म्हणतात. पूर्ण नागरिकानं अर्ध्या नागरिकाची अक्षरं ढापायची, ही रीत जुनीच.

एकोणिसाव्या शतकात ह्यूएट वॉटसन नावाच्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानं हेच शब्द झाडांना लावले : नेटिव, डेनिझन, कॉलनिस्ट, एलियन. जे झाड माणसानं आणलं असावं असा संशय येतो, पण आता अगदी इथलंच असल्यासारखं वागतं, ते डेनिझन. वाचलं त्या दिवशी एकादशी होती. समोर साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा ज्या कंदाचा तो दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणा तिकडचाच, बटाटा तिकडचा, मिरचीही अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या बोटीत बसून आलेली. शेकडो पिढ्या इथे राबलेल्या ज्वारीला एकादशीच्या ताटात प्रवेश नाही आणि हे चार एलियन विठ्ठलाच्या नावानं सोवळ्यात बसलेत. बायकोला म्हटलं. ती म्हणाली, “दाण्याचं कूट आणखी हवंय का, तेवढं सांगा.” गाजरगवताला मात्र हे भाग्य लाभलं नाही. तेही अमेरिकेतलंच, १९५५ मध्ये पुण्यात पहिल्यांदा नजरेला आलं, आयात गव्हाबरोबर आलं म्हणतात. तेही आता पक्कं पुणेकर झालंय, जागा सोडत नाही आणि जवळ गेलं की अंगाला खाज सुटते. पण त्याला डेनिझन कुणी म्हणत नाही. चवीचा प्रश्न असतो.

इतकं वाळवण झाल्यावर मला आपल्या भाषेची शंका आली. आपल्याकडे खरंच एकच शब्द आहे? तर नाही. पेशवाईतल्या गावात मिरासदार वेगळा आणि उपरी वेगळा. दोघांचा नांगर एकाच गावच्या मातीत, पण मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, उपऱ्याची आज आहे उद्या नाही. ‘उपरा’ हा शब्द आपण आता साहित्यसंमेलनात वापरतो, तो मुळात महसूल खात्यातला. गोव्यात अजून गावकार म्हणजे नुसता गावात राहणारा नव्हे, गावच्या सामाईक जमिनीत ज्याच्या घराण्याचा वाटा तो. बाकीचे भायले, मग ते शंभर वर्षं भायले का असेनात. आणि आडनावांतला तो ‘कर’! गावात असताना कुणी कुणाला गावाच्या नावानं हाक मारत नाही, तिथे सगळेच त्या गावचे. गाव सुटलं की माणूस अमुककर होतो. म्हणजे ‘कर’ हा पत्ता नव्हे, गाव सुटल्याची पावती आहे. आमच्या आडनावातही गाव आहे. त्या गावात आमच्या आडनावाचं आज एकही घर नाही.

इंग्रजांनी तर गावात राहिलेल्यांची पार वाट लावली. त्यांचा ‘व्हिलन’ मूळचा कोण? शेतवाडीवर राबणारा कुणबी. ‘पेगन’ म्हणजे खेडवळ. ‘बूर’ म्हणजे शेतकरी. जो गावात राहिला तो खलनायक, पाखंडी आणि असभ्य. जो नदीकाठी बंगला बांधून बसला तो रेसिडेंट.

तर आता त्या फॉर्मकडे. ‘कायमचा पत्ता’ मी देवगडचा लिहिला, त्याला आणखी एक कारण होतं. माझं नाव गावच्याच मतदार यादीत होतं, वडिलांनी घातलेलं. कोथरूडला बदलून घ्यायचं मी चौतीस वर्षं उद्यावर ढकलत आलो, जॉर्ज बोवीच्या निष्ठेनं. माझी समजूत अशी, की घर आपलं, सातबारा आपला, मग नाव कोण काढणार? पण १९५० च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याचं विसावं कलम स्वच्छ सांगतं, की नुसतं घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला ‘ऑर्डिनरिली रेसिडेंट’ ठरत नाही. गंमत म्हणजे त्याच कलमात पुढे आमदार-खासदारांना सवलत आहे : ते कामासाठी मतदारसंघाबाहेर राहिले तरी साधारणपणे रहिवासीच. निवडून यावं आणि निश्चिंत गायब व्हावं. हे कलम मी मराठीत केलं होतं की कुणी दुसऱ्यानं, आता आठवत नाही. केलं असेन तर ‘रहिवासी’ लिहून जेवायला गेलो असेन.

मागच्या यादीत माझं नाव नव्हतं. भाऊंना फोन लावला. म्हणाले, होय, शाळेतले गुरुजी यादी घेऊन आले होते, घराघरातून विचारत होते.

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“खराच सांगितलंय. सरकारी माणसाक खोटा कित्याक सांगू? म्हटलंय, ते गणपतीक येतत.”

“एवढंच?”

“गुरुजींनी इचारल्यानी, बाकीचो टायम हंय कोण रवता? म्हटलंय, माकडां.”

“भाऊ, अहो...”

“त्येंनी लिवन घेतल्यानी नाय. तुमी कित्याक घाबरतास?”